हजेरीपटावरची आणि हजेरीपटाबाहेरची माणसे

अंबड तालुक्यात महाकाळा गावाच्या शेजारी, गोदावरीच्या उत्तरेकडील काळ्या कसदार जमिनीत, जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी खेळू लागल्यापासून ज्वारी-कापसाच्या जोडीला ऊस उभा राहिला, आणि त्या उसाच्या आधाराने जो सहकारी साखर कारखाना निघाला त्याच्या वसाहतीला अंकुशनगर असे नाव पडले. ज्यांच्यावरून ते पडले ते अंकुशराव टोपे १९९१ साली जालन्यातून लोकसभेवर निवडून गेले होते. कारखान्याचे नाव मात्र 'समर्थ' असे ठेवण्यात आले, आणि रामदासस्वामींचे जन्मग्राम जांब हे शेजारच्याच घनसावंगी तालुक्यात असल्यामुळे त्या नावाचे औचित्य या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. अंकुशरावांचे पुत्र राजेश टोपे यांचा ३० डिसेंबर २०१९ रोजी राज्याच्या मंत्रिमंडळात समावेश झाला, आरोग्य खाते त्यांच्याकडे सोपविण्यात आले, आणि पुरते तीन महिने उलटण्यापूर्वीच, ९ मार्च २०२० रोजी, दुबईहून पुण्यास परतलेल्या एका दांपत्यास करोनाची लागण झाल्याचे निष्पन्न झाले. अशा रीतीने शतकातील सर्वांत मोठ्या साथीचा राज्यातील कारभार ज्या माणसाच्या माथी आला तो साखर कारखान्याच्या परिसरात वाढलेला होता; आणि संकटकाळी संस्था व माणसे कशाच्या बळावर तग धरतात, हा प्रश्न ज्यास समजून घ्यावयाचा असेल त्याने दूरदेशीच्या व्यवस्थापनग्रंथांकडे वळण्यापूर्वी साखर कारखान्याच्या आवारात फेरफटका मारावा असे मला वाटते, कारण त्या प्रश्नाच्या उत्तराच्या दोन्ही बाजू, उजळ आणि काळी, तेथे एकाच काट्यावर तोललेल्या दिसतात.

कारखाना ही मराठवाड्याच्या ग्रामीण भागातील एक विलक्षण संस्था आहे. दिवाळीच्या आगेमागे मोळी टाकून गळीत हंगाम सुरू झाला की मार्च-एप्रिलपर्यंत ती अहोरात्र चालते, आणि तशी चालण्यावाचून तिला गत्यंतर नसते. कारण तोडलेला ऊस शेतात वा गाडीत पडून राहिला की तासागणिक त्याचे वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटू लागतात, आणि एकदा विझविलेले बॉयलर पुन्हा पेटवून वाफेचा दाब आणणे हे खर्चाचे व खोळंब्याचे काम असते. म्हणून फडातील कोयत्यापासून गोदामातील पोत्यापर्यंतची साखळी कोठेही तुटू नये यासाठी कारखान्यास शेती खाते आणि गटकार्यालये बाळगावी लागतात, चिठ्ठ्या वाटणारे चिटबॉय नेमावे लागतात, तीन पाळ्यांची हजेरी ठेवणारे टाइम ऑफिस चालवावे लागते. त्याशिवाय वाहने, कार्यशाळा, पाण्याची योजना, कामगारांची वसाहत, आणि मळीपासून मद्यार्क काढणारी आसवनी असल्यास तिचाही सरंजाम सांभाळावा लागतो. हजारो माणसे, शेकडो वाहने आणि हजारो टन नाशवंत माल दररोज ठरल्या वेळी ठरल्या जागी आणणे हे काम ज्या संस्थेने वर्षानुवर्षे केले, तिला आणीबाणीचा बंदोबस्त नव्याने शिकावा लागत नाही.

२०१९-२०चा हंगाम आधीच दुष्काळाने पोखरलेला होता. राज्याचे साखर उत्पादन त्या वर्षी सुमारे १०७ लाख टनांवरून ६२ लाख टनांच्या आसपास घसरले, आणि उसाअभावी अनेक कारखान्यांनी मोळीच टाकली नाही. जे चालू होते त्यांचा हंगाम शेवटच्या टप्प्यात असता राज्यात २३ मार्च २०२० रोजी संचारबंदी पुकारण्यात आली आणि दुसऱ्याच दिवशी मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. अत्यावश्यक सेवेत गणना झाल्यामुळे कारखान्यांची धुराडी चालू राहिली. आणि त्याच सुमारास केंद्र सरकारने जंतुनाशक द्रव बनविण्याची परवानगी आसवन्यांना दिल्यावर, ज्या मद्यार्काला त्या दिवसापर्यंत दारू आणि इंधन एवढीच ठावठिकाणे होती, तो बाटल्यांत भरून रुग्णालयांत, पोलीस ठाण्यांत व ग्रामपंचायतींत पोहोचू लागला. मार्च महिन्याच्या मध्यावर हा द्रव बाजारात दुर्मीळ झाला होता, इतका की त्यास जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याखाली आणावे लागले. काही आठवड्यांतच ती टंचाई ओसरली. यासाठी कोणास नवी यंत्रसामग्री उभारावी लागली नाही. टाक्या होत्या, मद्यार्क होता, रसायनशाळा होती, आणि त्या चालविणारी जाणती माणसे पाळीवर हजर होती.

संकटात संस्था टिकते ती प्रामुख्याने अशा शिलकीच्या शक्तीवर. म्हणजे नित्याच्या कामासाठी काटेकोरपणे लागते त्याहून थोडी अधिक माणसे, थोडा अधिक साठा, थोडी अधिक जाणकारी तिच्यापाशी असते यावर. पूर्वी मराठवाड्यातील गढीच्या वा वाड्याच्या आवारात ज्वारीचे पेव असे. सुगीच्या वर्षी त्यात धान्य ओतणाऱ्यास ते जमिनीत गाडल्यासारखे वाटे, आणि दुष्काळात पेव फोडल्यावर गाव त्यावर जगे. हिशेबतपासनिसाच्या नजरेला मात्र अशी शिल्लक म्हणजे अडकून पडलेले भांडवल दिसते, आणि गेल्या तीन-चार दशकांत खासगी उद्योगांनीच नव्हे तर सार्वजनिक रुग्णालयांनीही ती खरवडून काढण्याचा सपाटा लावला. मंजूर पदे वर्षानुवर्षे रिक्त ठेवावयाची, जी भरावयाची ती कंत्राटी पद्धतीने अकरा-अकरा महिन्यांच्या मुदतीने भरावयाची, औषधांचा साठा मागणीपुरता ठेवावयाचा, हा शिरस्ता सुकाळात काटकसरीचा वाटतो. साथ आली की तोच प्राणघातक ठरतो.

याची सर्वांत कठोर परीक्षा २०२१च्या एप्रिलमध्ये प्राणवायूच्या बाबतीत झाली. १८ एप्रिल रोजी महाराष्ट्रात एका दिवसात ६८,६३१ नवे रुग्ण नोंदले गेले. राज्यातील प्राणवायूची निर्मिती दिवसाला सुमारे १,२५० टन होती आणि मागणी ती केव्हाच ओलांडून गेली होती. उद्योगांचा प्राणवायू रुग्णालयांकडे वळविण्यात आला, परराज्यांतून टँकर आगगाडीवर चढवून आणण्यात आले, आणि त्या धावपळीतच २१ एप्रिल रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून प्राणवायूचा दाब घटला व किमान २२ रुग्ण दगावले. त्याच दिवसांत सातपुड्याच्या पायथ्याचा नंदुरबार हा आदिवासीबहुल, आरोग्यसेवांच्या दृष्टीने सदैव मागास गणला गेलेला जिल्हा मात्र स्वतःच्या प्राणवायूवर उभा होता. तेथील जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिली लाट ओसरत असता, २०२०च्या सप्टेंबरातच, हवेतून प्राणवायू काढणारे यंत्र जिल्ह्यात बसविले होते आणि पुढे त्यात भर घातली होती. रुग्ण कमी होत असताना अशा यंत्रावर खर्च करणे त्या वेळी अनेकांना अनाठायी वाटले असते, आणि राज्यातील बहुतेक जिल्ह्यांत तो झाला नाही याचे कारणही तेच असावे. भारूड स्वतः वैद्यकीय शिक्षण घेतलेले आहेत हे खरे. पण त्यांच्या कृतीचे मोल त्या शिक्षणाहून वेगळ्या ठिकाणी आहे. वरून हुकूम येण्याची वाट न पाहता जिल्ह्याच्या पातळीवर खर्चाचा निर्णय घेण्याची मुभा त्यांनी वापरली आणि त्याची जबाबदारी स्वतःवर घेतली. ज्या संस्थेत असा निर्णय घेणाऱ्यास पाठबळ मिळते ती वाचते. ज्या संस्थेत प्रत्येक कागद वरच्या सहीसाठी फिरत राहतो तेथे सही होईपर्यंत रोगी थांबत नाही.

साखर कारखाने याही वेळी कामास आले, आणि त्यामागील शास्त्र मोठे मनोरंजक आहे. उसाच्या मळीपासून इंधनाचे इथेनॉल बनविताना ऊर्ध्वपातनाने मद्यार्क एका मर्यादेपर्यंतच शुद्ध होतो. त्यात शेवटचे चार-पाच टक्के पाणी राहते ते उकळून निघत नाही. ते काढण्यासाठी झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजाच्या गोळ्यांनी भरलेल्या उंच नळकांड्यांतून मद्यार्काची वाफ सोडतात. गोळ्यांची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की पाण्याचे रेणू त्यात अडकतात आणि मद्यार्काचे मोठे रेणू पुढे निघून जातात. रेणूंची ही चाळणीच होय. आता हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के प्राणवायू असतो. त्याच नळकांड्यांत वेगळ्या जातीचे झिओलाइट भरून त्यातून दाबाखाली हवा सोडली तर गोळ्या नायट्रोजनला धरून ठेवतात आणि पलीकडे जो वायू बाहेर पडतो त्यात ९० टक्क्यांहून अधिक प्राणवायू असतो. हे तत्त्व हेरून कळंब तालुक्यातील चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने आपल्या इथेनॉल प्रकल्पातून मे २०२१ मध्ये प्राणवायू काढून दाखविला, आणि शरद पवार यांनी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या मार्फत राज्यातील कारखान्यांना प्राणवायूनिर्मितीचे आवाहन केले. दुष्काळ, गाळप, उतारा आणि उसाचा भाव यांपलीकडे ज्याची चर्चा सहसा होत नाही त्या उद्योगापाशी केवढे ज्ञान साठलेले आहे, हे त्या महिन्यात शहरी वाचकांस प्रथमच कळले असेल.

येथवर जी बाजू मी मांडली ती उजळ बाजू होय, आणि तिचा अभिमान बाळगण्यास कोणतीच हरकत नाही. परंतु कारखाना ज्या माणसांस सांभाळतो ती कोण, आणि ज्यांच्या श्रमावर चालतो ती कोण, हे दोन प्रश्न एकापुढे एक ठेवले की काळी बाजू दृष्टीस पडते. गव्हाणीवर, पॅनवर वा काट्यावर काम करणाऱ्या कामगाराचे नाव टाइम ऑफिसच्या मस्टरवर असते. तो कायम असो वा हंगामी, त्याला पगारपत्रक असते, भविष्यनिर्वाह निधी असतो, युनियन असते. ज्या ऊसतोड मजुरांवाचून गव्हाणीत एक कांडकेही पडणार नाही, त्यांचे नाव मात्र त्या मस्टरवर नसते. कारखान्याचा किंवा वाहतूकदाराचा करारनामा मुकादमाशी होतो. मुकादम बीड, जालना, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या जिल्ह्यांतील वाड्या-तांड्यांतून टोळी जमवितो, पावसाळ्यात उचल वाटतो, आणि ती फिटेपर्यंत टोळी त्याच्याशी बांधलेली राहते. हिशेब 'कोयत्या'वर होतो, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. एकटा आला तर तो अर्धा कोयता. म्हणजे जी बाई पहाटे तीन-चार वाजता उठून भाकरी थापते, दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढविते आणि रात्री चिपाड-पाचटाच्या कोपीत मूल पोटाशी घेऊन निजते, ती कोणत्याही दप्तरात स्वतंत्रपणे अस्तित्वातच नसते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीचे आकडे आले आणि त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढल्याचे आढळले. मोजदाद झाली तेव्हाच त्यांच्या शरीरावर काय गुदरत होते ते राज्यास दिसले.

टाळेबंदी पुकारली गेली तेव्हा हे मजूर निरनिराळ्या कारखान्यांच्या तळांवर, कोप्यांमध्ये, होते. काहींचा ऊस संपलेला, काहींचा संपत आलेला. जिल्ह्यांच्या सीमा बंद, शिधापत्रिका गावी, म्हातारी माणसे व शाळकरी लेकरेही गावीच. १७ एप्रिल २०२० रोजी राज्य सरकारने त्यांना घरी परतण्याची परवानगी दिली. ३८ कारखान्यांच्या तळांवर अडकलेले सुमारे १ लाख ३१ हजार मजूर त्या आदेशाच्या कक्षेत होते, आणि आरोग्य तपासणी करून, याद्या बनवून, वाहनांचा बंदोबस्त करून त्यांना गावी पोहोचविण्याची जबाबदारी कारखान्यांवर टाकण्यात आली. जवळपास चार आठवडे एवढी मोठी लोकसंख्या उघड्यावर थांबून राहिली. कारखान्यापाशी वाहने होती, धान्य आणण्याची ऐपत होती, तपासणीपुरते डॉक्टर मिळविणे अशक्य नव्हते. उणीव होती ती या माणसांस आपली म्हणण्याची. त्यांची यादी आदल्या ऑक्टोबरातच कारखान्याच्या दप्तरी असती, गाव, तालुका, कुटुंबातील माणसे आणि गावचा पत्ता यांसह असती, तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्या परतीची तजवीज होऊ शकली असती अशी माझी खात्री आहे.

ही गोष्ट केवळ ऊसतोडीची नव्हे. जालना हे बियाण्यांइतकेच पोलादाच्या सळयांसाठी प्रसिद्ध असलेले शहर आहे, आणि तेथील कारखान्यांत मध्य प्रदेश, बिहार, उत्तर प्रदेशातील मजूर मोठ्या संख्येने राबतात. ७ मे २०२० रोजी अशा २० मजुरांचा एक जथा, मध्य प्रदेशातील शहडोल व उमरिया या जिल्ह्यांचा, श्रमिक रेल्वेगाडी मिळेल या आशेने जालन्याहून लोहमार्गाने चालत निघाला. प्रवासाच्या पाससाठी आपण अर्ज केले होते आणि त्यांचे उत्तर आले नाही, असे त्यांतील वाचलेल्यांनी पुढे सांगितले. रात्रभर चालून थकल्यावर औरंगाबादच्या अलीकडे करमाडजवळ ते रुळांवरच आडवे झाले, आणि ८ मेच्या पहाटे सव्वापाचच्या सुमारास मालगाडीखाली १६ जण ठार झाले. टाळेबंदीत गाड्या बंद आहेत, अशी त्यांची समजूत असावी. या मृत्यूंचे खापर कोणा एकावर फोडून मोकळे होणे सोपे आहे. मला जे दिसते ते असे की शहर होते, कारखाने होते, महसूल खाते होते, पोलीस होते, रेल्वे होती, त्यांतील प्रत्येक संस्था आपापल्या जागी चालू होती, आणि ही वीस माणसे त्यांपैकी कोणाच्याही जबाबदारीच्या वहीत नव्हती.

सुव्यवस्थेसाठी जगभर नावाजलेल्या देशातही हेच घडले, हे लक्षात घेतले तर आपण हा दोष मराठवाड्याच्या मागासपणाच्या पदरी टाकणार नाही. २००३च्या सार्स साथीपासून धडा घेऊन सिंगापूरने स्वतंत्र रुग्णालय, संपर्कशोधाची यंत्रणा आणि साठे उभारले होते, आणि २०२०च्या पहिल्या तिमाहीत त्याची जगभर वाखाणणी झाली. एप्रिलमध्ये तेथे रुग्णसंख्या भडकली ती परदेशी बांधकाम मजुरांच्या निवासांत, जेथे एकेका खोलीत दहा-बारा, क्वचित त्याहूनही अधिक माणसे राहत होती; त्या वर्षअखेरपर्यंत देशातील एकूण रुग्णांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण या निवासांतील निघाले. नागरिकांसाठी आखलेल्या योजनेत मजुरांची गणतीच पुरेशी झाली नव्हती. संस्थेची तग धरण्याची शक्ती तिच्या हजेरीपटाच्या शेवटच्या ओळीपर्यंतच पोहोचते, आणि विषाणू त्या ओळीपाशी थांबत नाही.

मात्र केवळ वहीत नाव असणे पुरत नाही, हेही याच भूमीने पूर्वी अनुभवले आहे. १३ मार्च २०२० रोजी राज्याने जो साथरोग अधिनियम लागू केला तो १८९७ सालचा, मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या काळातला. त्या वेळी पुण्यात प्लेग अधिकारी रँड याच्या हुकमाखाली गोरे सोजीर घरोघर शिरत होते, रोगी आणि संशयित यांच्या नोंदी चोख होत होत्या. पण देवघरापर्यंत बूट घालून येणाऱ्यास लोक आपला रोगी दाखवीनात, माळ्यावर आणि कणगीआड लपवू लागले, आणि अखेर २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आपल्या डॉक्टर पुत्राच्या, यशवंतरावांच्या, हडपसरजवळील दवाखान्यात स्वतः रोगी वाहून नेत होत्या आणि त्या सेवेतच संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. सरकारापाशी नोंदवही, सैन्य आणि कायदा होता. सावित्रीबाईंपाशी लोकांचा विश्वास होता. दोन्ही एका ठिकाणी नव्हते.

२०२०मध्ये ते बऱ्याच अंशी एका ठिकाणी आले, आणि त्याचे श्रेय आशा कार्यकर्त्यांना द्यावयास हवे. राज्यातील सुमारे ७० हजार आशा या बहुतांशी त्याच गावच्या सुना आहेत. कोणाच्या घरी मधुमेही म्हातारा आहे, कोणाची सून सात महिन्यांची गरोदर आहे, पुण्याहून काल रात्री कोणाचा मुलगा आला, हे त्यांना वही न उघडता माहीत असते. १५ सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत त्यांनी तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन घरोघर तपासणी केली, आणि पुढे २ जानेवारी २०२१ रोजी पुणे, नागपूर, जालना व नंदुरबार येथे लसीकरणाची रंगीत तालीम झाली व १६ जानेवारीपासून प्रत्यक्ष लस टोचली जाऊ लागली, तेव्हा गावोगावच्या शंकेखोरांची समजूत घालण्याचे कामही त्यांच्याच वाट्याला आले. तरीही शासनाच्या दप्तरी आशा ही कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. तिला वेतन नाही, मोबदला आहे. म्हणजे ज्या बाईने हजेरीपटाबाहेरच्या माणसांना आरोग्यव्यवस्थेच्या वहीत आणले ती स्वतःच हजेरीपटाबाहेर आहे. १५ जून २०२१ रोजी आशांनी राज्यव्यापी संप पुकारला आणि आठवडाभराने तो मिटला तेव्हा त्यांच्या पदरात दरमहा १,००० रुपयांची वाढ आणि ५०० रुपयांचा करोना भत्ता पडला. २०२२च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक सन्मान केला. सन्मान योग्यच होता. १,५०० रुपये योग्य होते असे मी म्हणू शकत नाही.

राज्याच्या कारभाराकडे पाहता, आरोग्यमंत्री म्हणून टोपे यांच्या काळातील जे निर्णय मला टिकाऊ मोलाचे वाटतात ते हीच वही रुंद करणारे आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ पूर्वी पिवळ्या व केशरी शिधापत्रिकांच्या अटीने बांधलेला होता. मे २०२० मध्ये ती अट दूर सारून राज्यातील सर्व नागरिकांस योजनेत घेण्यात आले. त्याच महिन्याच्या २१ तारखेला खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांवर शासनाचे दर लागू झाले: साध्या विलगीकरण कक्षासाठी दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागासाठी ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. अंमलबजावणीत पळवाटा निघाल्या, बिलांच्या तक्रारी आल्या, परंतु रुग्णाच्या नातेवाइकास भांडण्यासाठी हाती एक आकडा मिळाला ही लहान गोष्ट नव्हती. आणि २६ जानेवारी २०२० रोजी, म्हणजे साथीच्या आधीच, सुरू झालेली शिवभोजन थाळी टाळेबंदीत १० रुपयांऐवजी ५ रुपयांत आणि पुढे काही काळ विनामूल्य मिळू लागली. तिच्यासाठी कोणतेही कार्ड, कोणताही दाखला लागत नव्हता. भुकेल्या परप्रांतीयाच्या दृष्टीने पाहिले तर त्या दिवसांतील बहुधा हीच एक सरकारी खिडकी अशी होती की जेथे तू कोण, कोठला, असे कोणी विचारीत नव्हते.

माणसांच्या मनोबलाविषयी साथीच्या काळात फार बोलले गेले, आणि त्यातील बरेचसे बोलणे मला अन्यायाचे वाटते. थाळ्या वाजविल्या गेल्या, योद्धे म्हणून गौरव झाला, धैर्याची स्तुतिस्तोत्रे गायिली गेली. परंतु ज्या परिचारिकेला सलग बारा तास तो प्लॅस्टिकचा अंगरखा घालून, पाणी न पिता उभे राहावे लागते तिला गौरवापेक्षा बदलीची माणसे अधिक हवी असतात. मनुष्य संकटात तगतो तो मनाच्या कणखरपणाने अंशतः. त्याहून अधिक तो पाळी बदलण्यास येणाऱ्या सहकाऱ्यामुळे, वेळेवर मिळणाऱ्या पगारामुळे, आपण दगावलो तर घरच्यांना कोणी विचारील या भरवशामुळे, आणि दुःख झाले असता थोडे थांबण्याची सवड मिळाल्यामुळे तगतो. खुद्द टोपे यांच्या मातोश्रींचे १ ऑगस्ट २०२० रोजी, साथीच्या ऐन भरात, दीर्घ आजाराने निधन झाले आणि त्या आजारपणातही ते राज्यभर दौरे करीत राहिले, याचे लोकांना कौतुक वाटले आणि ते स्वाभाविक होते. तथापि मंत्र्याभोवती सचिवालय असते, त्याचे काम क्षणभर उचलून धरणारे हात असतात. उपकेंद्रातील एकट्या आरोग्यसेविकेच्या घरी तीच वेळ आली तर तिच्या जागी कोण, याचे उत्तर ज्या खात्यापाशी असेल त्याच खात्याने धैर्याविषयी बोलावे.

२०२०च्या ऑक्टोबरात नवा हंगाम तोंडावर आला तेव्हा ऊसतोड मजुरांच्या संघटनांनी कोयता बंद ठेवला, आणि २७ ऑक्टोबर रोजी पुण्याजवळ वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये झालेल्या बैठकीत तोडणीच्या दरात सरासरी १४ टक्क्यांची वाढ मान्य झाली. मजूर पुन्हा फडात उतरले. त्या हंगामात राज्याचे साखर उत्पादन पुन्हा १०० लाख टनांच्या वर गेले, आणि त्यापुढील, २०२१-२२च्या, हंगामात तर १३७ लाख टनांचा विक्रम झाला, इतका की मराठवाड्यात जूनपर्यंत ऊस शेतात उभा राहिला. उद्योग सावरला तो या माणसांच्या पाठीवर. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ कार्यान्वित झाले, त्यासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या प्रत्येक टनामागे १० रुपये आणि तितकीच रक्कम शासनाकडून अशी तजवीज ठरली, आणि २०२१ मध्ये ग्रामसेवकांनी मजुरांची गावनिहाय नोंदणी करून ओळखपत्रे द्यावीत असा आदेशही निघाला. कागदावर हे पाऊल योग्य दिशेने पडलेले आहे.

ते पुढे पडावयाचे तर कारखान्यांचे सभासद काही करू शकतात. सहकारी कारखान्याचा मालक अध्यक्ष नव्हे, शासन नव्हे. कायद्याने तो सभासद शेतकरी आहे, आणि वर्षातून एकदा वार्षिक सर्वसाधारण सभेत त्याला प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. त्या सभेत उसाचा दर, साखरेचा साठा आणि वाहतुकीचा खर्च यांवर तासन्‌तास वाद होतात, ते व्हावेत. परंतु अंकुशनगर असो, वा पैठण, वा गेवराई, वा सांगली-कोल्हापूर, तेथील सभासदांनी येत्या सभेत संचालक मंडळास आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. आपल्या फडात येणाऱ्या प्रत्येक मजुराचे, आणि कोयत्यातील स्त्रीचेही स्वतंत्र, नाव व गाव कारखान्याच्या स्वतःच्या दप्तरी नोंदलेले आहे काय. तळावर डॉक्टर, पाणी आणि शौचालय यांची व्यवस्था कोणत्या तारखेपासून होणार आहे. आणि हंगाम मध्येच बंद पडला तर त्यांना घरी पोहोचविण्याची योजना लेखी स्वरूपात कोठे आहे. उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे, आणि पुढील वर्षी तेच इतिवृत्त हाती धरून पुन्हा विचारावे.